वेरण बुडाल्याची बातमी

कुरिअरवाला दौलतगंजच्या दुकानात पार्सल टाकून गेला
तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात सेल घालत होतो.
तिसरी आवृत्ती. जाड पुठ्ठा, शाईचा वास.
बाराव्या पानावर चौकटीत लिहिलेलं:
मागच्या आवृत्तीला आता शंभर वर्षं लोटली आहेत.
आणि खाली एक ओळ, अगदी सभ्य:
वेरण बंदर समुद्रात गेलं. कोणी वाचलं नाही.

बस.
पुढची ओळ दुसऱ्या शहराची.

सात वर्षं, दर शनिवारी,
शटर अर्धं ओढून आम्ही त्या वेरणमध्ये असतो.
पहिल्या आवृत्तीत पुलावरच्या दिवेवाल्याचं
नुसतं नाव होतं, ओस्क.
मुक्ता फाळकेने त्याला खोकला दिला.
बृजेश कुशवाहने उधारी दिली, मग स्वतःच फेडली.
त्याच्या मुलीला अक्षरं शिकवली पवारबाईंनी.
बाई मुलींच्या कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवायच्या;
नातू बंगळूरला गेला, त्याचा तिरंदाज इथेच राहिला,
तो आता त्या खेळतात.
तीर जपून वापरतात. म्हणतात, त्याचे आहेत.

पुस्तक मी तीन आठवडे लपवलं
बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळांमागे.
कुठल्याशा लांबच्या गावात, मीटिंगमध्ये,
कुणी म्हणालं असेल, बंदरं जरा जास्त झालीत.

पुण्याची मावसबहीण एका लग्नात हसली होती,
तू अजून ‘करून राहिलोय’ म्हणतोस?
तेव्हाही असंच वाटलं होतं:
नवी आवृत्ती निघाली कधीतरी,
आम्हाला कुणी कळवलं नाही,
आणि आम्ही आपले लष्करात, बाड्याच्या मागे,
जुन्या पानावर बोलून राहिलोय.

चौथ्या शनिवारी सांगून टाकलं.
बृजेश म्हणाला, किसने लिखा?
मग आमच्याकडूनच शिकलेल्या मराठीत,
बोलवा त्याला. पुलावर उभा करा.
मुक्ताने फाइल मिटली.
म्हणजे आपण केलं ते झालंच नाही?
मी म्हटलं, पुस्तकात तरी नाही.
पुस्तकात तुझं दुकानही नाही, ती म्हणाली.

पवारबाईंनी पेन्सिल मागितली.
मधे किती वर्षं गेली म्हणालास?
शंभर.
आणि आपल्या सात वर्षांत तिथले दिवस किती झाले?
मी नोंदवही चाळली.
वेढ्याला दीड वर्ष लागलं होतं,
मासळीबाजारातल्या लग्नाला चार शनिवार,
एका कुलपासाठी अख्खी दिवाळी.
चार महिने, बाई. जेमतेम.

त्यांनी तिरंदाजाच्या कागदामागे आकडे मांडले.
वर्षात चार महिने तीनदा. शंभरात तीनशेदा.
सात त्रिक एकवीस, वर दोन शून्यं.
चष्मा काढून पदराने पुसला.
समुद्र यायला एकवीसशे वर्षं आहेत.
आज पाळी कुणाची?

बृजेशची होती.
वीस बाजूंचा फासा गडगडत काउंटरखाली गेला,
आम्ही मोबाइलच्या उजेडात स्क्रू, पट्टे, मेलेले सेल
यांच्यात त्याला शोधत राहिलो,
आणि जो आकडा वर होता तो कुणीच मोठ्याने वाचला नाही,
नुसते हसलो.
पुलावर ओस्क अजून तिसऱ्या दिव्यापाशीच होता.
मी त्याच्यासारखा खोकलो.

घरी निघताना, सगळे गेल्यावर,
नोंदवहीत एक ओळ लिहिली, तारीख घातली:
बंदराच्या खालच्या पायरीवर पाणी.
फक्त एक पायरी.
अजून कुणाला सांगितलेलं नाही.